संपाच्या वर्षातली हवा

विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, काचेच्या नळ्या येतात, पांढरा कोट येतो. आजच्या व्याख्यानात यातलं काही बराच वेळ येणार नाही. आजची गोष्ट सुरू होते एका कारखान्याच्या फाटकाशी, संपापासून.

संप म्हटला की मुंबईकराला १८ जानेवारी १९८२ आठवणारच. अडीच लाख गिरणी कामगार, डॉ. दत्ता सामंत, आणि त्यानंतर गिरणगावाचं जे झालं ते. पण आपला आजचा संप तो नाही. तो झाला साडेचार वर्षांनंतर, १ ऑगस्ट १९८६ ला, अमेरिकेतल्या यूटा राज्यात, जिनिव्हा नावाच्या पोलाद कारखान्यात. (नावावरून स्वित्झर्लंडला जाऊ नका.) खरं तर तो संप होता की टाळेबंदी, यावरही तिकडे वाद होता. कंपनी म्हणे संप, युनियन म्हणे टाळेबंदी. ही भाषा आपल्याला नवी नाही. काहीही म्हणा, कारखाना तेरा महिने बंद राहिला. आणि त्या तेरा महिन्यांत त्या खोऱ्यातल्या लहान मुलांना रुग्णालयात भरती करण्याची वेळ कमी आली. हे कुणाच्या लक्षात आलं, त्यांनी ते कसं मोजलं, आणि मोजल्यानंतर काय काय झालं, हे आज पाहू.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. हवा घाण असली की माणूस खोकतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आपल्या आजीलाही ते ठाऊक होतं. पण ‘या माणसाचा दमा या धुरामुळे’ हे सिद्ध करायला गेलं की हात रिकामे राहतात. दमा थंडीनं वाढतो, सर्दीपडशानं वाढतो, विडीनं वाढतो, चुलीच्या धुरानं वाढतो, घरातल्या ओलीनं वाढतो. हवेचा वाटा यातून वेगळा कसा काढायचा?

विसाव्या शतकात काही प्रसंग असे घडले की वेगळं काढण्याची गरजच उरली नाही. १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या खोऱ्यात धुकं आणि कारखान्यांचा धूर कोंडला आणि साठाहून अधिक माणसं दगावली. १९४८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या छोट्या गावात वीस माणसं गेली. तिथला जस्ताचा कारखाना यूएस स्टील या कंपनीच्या छत्राखालचा होता. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. आणि १९५२ च्या डिसेंबरातलं लंडनचं पाच दिवसांचं धुकं तर सर्वांना ऐकून माहीत असतं. त्या वेळी चार हजार जादा मृत्यू मोजले गेले. पुढच्या अभ्यासकांनी पुढचे काही महिनेही धरून तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा ब्रिटिश कायदा आला, घराघरातल्या शेगड्यांमधला दगडी कोळसा हळूहळू गेला, आकाश जरा निवळलं.

यातून एक समज मात्र रुजला. हवा मारते ती अशा भयंकर दिवसांत. नेहमीच्या दिवसांत, एका ठरावीक मर्यादेच्या खाली, ती निरुपद्रवी असते. १९७० च्या सुमारास बऱ्याच जाणकारांना वाटत होतं की श्रीमंत देशांपुरता हा प्रश्न संपत आला. नेहमीची, रोजची, दिसायला बरी हवा काय करते, हे विचारायला कुणी तयार नव्हतं असं नाही. पण विचारायचं कसं, हे कळत नव्हतं.

एक मार्ग म्हणजे दोन जागांची तुलना. हे काम आपल्या मुंबईतही झालं आहे आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, म्हणून इथे थोडं थांबू. परळच्या केईएम रुग्णालयातले छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार हे शहरातले तीन भाग आणि तुलनेसाठी शहराबाहेरचा एक ग्रामीण भाग निवडला. शहरातल्या भागांची वर्गवारी हवेतल्या सल्फर डायऑक्साइडवरून केली. ४,१२९ माणसं तपासली आणि त्यांचा पुढे पाठपुरावा केला. दम लागण्याची तक्रार सर्वांत प्रदूषित भागात शेकडा ७.३, मधल्या भागात ६, कमी प्रदूषित भागात ३.२. जुनाट खोकला याच क्रमानं ५.१, २.७ आणि १.७. पायऱ्या कशा सरळ उतरतात बघा.

आता खेड्याचा आकडा ऐका. दम लागणं ५.५, खोकला ३.३. म्हणजे शहरातल्या कमी प्रदूषित भागापेक्षा खेडं वाईट! स्वच्छ हवेचं खेडं म्हणून जे तुलनेला घेतलं, तिथेच जास्त माणसं धापा टाकत होती. चुलीचा धूर असेल, खाण्यापिण्यातला फरक असेल, औषधोपचार उशिरा मिळत असतील, कष्टाचं स्वरूप वेगळं असेल. आम्हाला हा आकडा फार आवडतो, कारण तो दडवलेला नाही. जागांची तुलना केली की काय होतं हे तो उघड सांगतो. लालबाग आणि खार यांच्यात फक्त हवेचा फरक नसतो. पगाराचा असतो, खोलीच्या आकाराचा असतो, घराघरातल्या माणसांच्या संख्येचा असतो. गिरणीत कापसाच्या धुळीत आठ तास काढून आलेल्या माणसाच्या छातीत काय काय साठलं आहे, त्यातलं रस्त्यावरच्या हवेचं किती आणि खात्यातलं किती, कसं सांगणार?

खरी तुलना हवी तर ती अशी हवी: तेच गाव, तीच माणसं, तीच घरं, तेच डॉक्टर, आणि फक्त धूर थांबवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. असा प्रयोग कोण करू देईल? हजारोंची रोजी असलेला कारखाना संशोधनासाठी वर्षभर बंद ठेवा, असं कुठला प्राध्यापक म्हणेल?

आता यूटाला जाऊ.

प्रोव्हो आणि ओरेम ही दोन गावं ज्या खोऱ्यात आहेत त्याला यूटा व्हॅली म्हणतात. पूर्वेला वासॅच पर्वताची उभी भिंत, पश्चिमेला यूटा सरोवर आणि त्यापलीकडे पुन्हा डोंगर. एखादी परात असावी तसं. हिवाळ्यात या परातीवर झाकण बसतं. एरवी आपण डोंगरावर गेलो की गार वाटतं, खाली उकडतं. तिथे हिवाळ्याच्या काही दिवसांत उलटं होतं. जड थंड हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर येतो. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. तो दिवसच्या दिवस तिथेच फिरतो आणि लोक तोच आत घेतात, तोच बाहेर सोडतात.

या परातीत, सरोवराच्या काठावर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं पोलाद कारखाना उभारला. जागा निवडण्याचं कारण लष्करी होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांना पोलाद हवं होतं, पण जपानी हल्ल्याच्या भीतीनं कारखाना किनाऱ्यापासून आत हवा होता. कोळसा आणि लोहखनिज राज्यातच होतं, रेल्वे होती, पाणी होतं. हवा कुठून कुठे वाहते हे त्या घाईत कुणाच्या यादीत नसावं. युद्ध संपल्यावर सरकारनं तो विकला, आणि घेतला कुणी? यूएस स्टीलनं. डोनोराचीच कंपनी.

चाळीस वर्षं कारखाना चालला. कोकच्या भट्ट्या, झोतभट्ट्या, जुन्या पद्धतीच्या उघड्या पोलादभट्ट्या. खोऱ्यातली कित्येक कुटुंबं त्यावर जगली. बाप तिथे, मग मुलगा तिथे. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. भोंगा झाला की घड्याळ लावायचं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली तर ती झटकून टाकायची. काजळी म्हणजे पगार चालू आहे.

या खोऱ्यातल्या ब्रिघम यंग विद्यापीठात सी. आर्डन पोप नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. ते डॉक्टर नव्हते. फुप्फुसाशी त्यांचा संबंध आपल्याइतकाच. विषय अर्थशास्त्र, हाताशी संख्याशास्त्र. पण ते त्याच खोऱ्यात राहत होते आणि तीच हवा आत घेत होते. १९८५ च्या एप्रिलपासून तिथे पीएम १० मोजायला सुरुवात झाली होती. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. मोठी धूळ नाकात, घशात अडकते. हे बारीक कण खाली उतरतात, आणि अडीच मायक्रॉनच्या आतले तर थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात.

कारखाना १९८६ च्या ऑगस्टात बंद पडला. १९८७ च्या सप्टेंबरात नव्या मालकांच्या हाती पुन्हा सुरू झाला. (या नव्या मालकांचे प्रमुख जो कॅनन हे काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत हवेच्या विभागाचे वरिष्ठ अधिकारी होते. इतिहास कधी कधी कादंबरीकारापेक्षा निलाजरा असतो.) म्हणजे एक अख्खा हिवाळा कारखान्याशिवाय गेला आणि त्याच्या आधीचा व नंतरचा हिवाळा कारखान्यासह. मगाशी आपण म्हणालो, असा प्रयोग कोण करू देईल? वाटाघाटी फिसकटल्या आणि तो होऊन गेला. कुणी ठरवला नव्हता.

पोप यांनी पुढे जे केलं ते वरवर पाहता कारकुनी काम आहे. एप्रिल १९८५ ते फेब्रुवारी १९८८ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदी घेतल्या. न्यूमोनिया, फुप्फुसावरणाचा दाह, ब्राँकायटिस, दमा यांसाठी कोणत्या महिन्यात किती मुलं आणि किती मोठी माणसं भरती झाली, ते काढलं. शेजारी त्या त्या महिन्याचं पीएम १० लिहिलं. दोन रकाने. १९८९ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात निबंध आला.

त्यात असं होतं. ज्या महिन्यांत एखाद्या दिवसाचं पीएम १० घनमीटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, त्या महिन्यांत मुलांची भरती जवळजवळ तिप्पट झाली. मोठ्यांची ४४ टक्क्यांनी वाढली. ज्या महिन्यांची सरासरी ५० किंवा त्याहून जास्त, त्यांत मुलांची भरती ८९ टक्क्यांनी अधिक, मोठ्यांची ४७ टक्क्यांनी. आणि मुख्य तुलना: कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत मुलांची भरती बंद हिवाळ्याच्या दुप्पट ते तिप्पट होती.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की तो बंद हिवाळाच वाऱ्याचा, मोकळा असेल, धूर आपोआप उडून गेला असेल. पोप यांनी तेही पाहिलं. उलटं निघालं. कारखाना बंद होता त्या हिवाळ्यात हवा तुलनेनं अधिक कोंडलेली होती. झाकण नेहमीपेक्षा घट्ट बसलं होतं, आणि तरीही कण जवळजवळ निम्म्यावर आले होते. हवामान कारखान्याच्या बाजूनं साक्ष द्यायला उभं राहिलं आणि विरुद्ध साक्ष देऊन गेलं.

या खोऱ्याची आणखी एक गोष्ट संशोधनाच्या पथ्यावर पडली. तिथली बहुसंख्य वस्ती मॉर्मन पंथाची. तंबाखू निषिद्ध. धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण अत्यल्प. ‘हवेला कशाला दोष देता, लोक सिगारेटी ओढतात’ हे उत्तर जगात कुठेही चालतं, इथे चालत नव्हतं.

तरी आक्षेप आले, आणि यायलाच हवेत. सर्वांत वजनदार आक्षेप विषाणूचा होता. तान्ह्या मुलांना आरएसव्ही नावाच्या विषाणूनं छातीचा आजार होतो, आणि त्याची साथ एका वर्षी जोराची, एका वर्षी हलकी अशी येऊ शकते. बंद हिवाळा नेमका हलक्या साथीचा असेल तर? पुढे काही संशोधकांनी असं लिहिलंही. आमच्या मते हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. एकच बंद हिवाळा होता. एका नाण्याची एकच फेक. त्यावर पैज लावू नये हे अर्थशास्त्रज्ञाला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

पोप यांनी शेजारची खोरी घेतली. उत्तरेला कॅश व्हॅली आहे. तिथे हिवाळा यूटा व्हॅलीपेक्षा जास्त थंड, धूम्रपान जास्त, आणि पोलाद कारखाना नाही. थंडी आणि सिगारेट हीच कारणं असती तर कॅशमधली माणसं जास्त आजारी पडायला हवी होती. १९९१ च्या निबंधात निघालं ते असं, की लोकसंख्येच्या मानानं ब्राँकायटिस आणि दम्याची भरती यूटा व्हॅलीत कॅशच्या सुमारे दुप्पट होती. कारखाना बंद असताना ही तफावत बरीच आकसली. शाळेत न जाणाऱ्या लहान वयाच्या मुलांची भरती कारखाना चालू असताना यूटा व्हॅलीत दुप्पट होत होती. सॉल्ट लेक किंवा कॅश खोऱ्यात त्याच महिन्यांत तसा चढउतार दिसला नाही. राज्यभर साथ असती तर तिनं फक्त एका खोऱ्यात कारखान्याचा भोंगा ऐकून यायचं कारण नव्हतं.

मग शाळांची हजेरीपटं आली. मायकेल रॅन्सम हे त्याच विद्यापीठातले सहकारी, तेही अर्थशास्त्रज्ञ. दोघांनी प्राथमिक शाळांमधली गैरहजेरी पाहिली. चार आठवड्यांची पीएम १० ची सरासरी १०० मायक्रोग्रॅमनं वाढली की गैरहजेरी सुमारे ४० टक्क्यांनी वाढत होती. रुग्णालयापर्यंत जाणारं मूल हे शेवटचं टोक. त्यामागे घरी अंथरुणात पडून राहिलेली कितीतरी मुलं असतात आणि त्यांच्यासाठी कामावर न गेलेली आई असते. हजेरीपटात ती सापडली. १९९२ मध्ये पोप, रॅन्सम आणि जोएल श्वार्ट्झ यांनी मृत्यूंच्या रोजच्या नोंदी घेतल्या: पाच दिवसांची सरासरी १०० मायक्रोग्रॅमनं वाढली की मृत्यू १६ टक्क्यांनी वाढत होते. आणि हे परिणाम १५० या कायदेशीर मर्यादेच्या खालीही दिसत होते. तो जुना समज आठवा, मर्यादेच्या खाली काही होत नाही हा. तो इथे डळमळला.

गावाला हे कसं वाटलं असेल, याचाही विचार करू. आम्हाला या इतिहासात खलनायक शोधायची घाई नाही. तेरा महिने घरी बसलेला कामगार, ज्याच्या गाडीचे हप्ते थकले आहेत, तो पुन्हा कामावर रुजू झाला. आणि तेवढ्यात विद्यापीठातला एक पगारी प्राध्यापक सांगतो की तुझ्या कामामुळे शेजारची मुलं रुग्णालयात जातात. त्यातलं एखादं मूल त्या कामगाराचंच असणार. कारखाना बंद असताना त्याचं मूल कमी खोकत होतं आणि तो जास्त काळजीत होता. चालू झाल्यावर उलट. या दोन वाक्यांपैकी एकच ऐकणारे लोक दोन्ही बाजूंना होते. पोप यांच्या निबंधात मात्र कारखाना बंद करा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. किती कणांना किती मुलं, एवढंच होतं.

पोप पुढे हार्वर्डच्या मंडळींबरोबर काम करू लागले. तिथे बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर यांनी सत्तरीच्या दशकात सहा शहरांचा मोठा अभ्यास सुरू केला होता. हीसुद्धा डॉ. कामतांसारखी जागांची तुलनाच, पण प्रत्येक माणसाची सिगारेट, वजन, शिक्षण, काम यांची नोंद घेऊन आणि मग चौदा ते सोळा वर्षं वाट पाहून. डग्लस डॉकरी यांच्या नावानं १९९३ च्या डिसेंबरात निबंध आला, पोप सहलेखक. ८,१११ माणसं. ओहायोतल्या स्ट्युबेनव्हिल या पोलादाच्या गावात मृत्यूचं प्रमाण विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेजच्या तुलनेत २६ टक्के जास्त, सिगारेट वगैरे सगळं वजा करून. दोन वर्षांनी पोप यांनी अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या यादीतली साडेपाच लाख माणसं आणि दीडशेवर शहरं घेऊन तेच पुन्हा तपासलं. दिशा तीच निघाली.

१९९७ साली अमेरिकेनं पीएम २.५ साठी पहिल्यांदा मर्यादा घातली, आणि मग खरी लढाई सुरू झाली. उद्योगांची मागणी होती की मूळ माहिती उघड करा. ऐकायला किती रास्त वाटतं! पण त्या आठ हजार माणसांना वचन दिलेलं होतं की तुमचा आजार, तुमचं मरण, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. छोट्या गावात मृत्यूची तारीख आणि वय सांगितलं की नाव सांगायची गरज उरत नाही. हार्वर्डनं मधला मार्ग काढला. सरकार आणि मोटार उद्योग या दोघांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेकडे सगळी माहिती दिली. त्या संस्थेनं डॅनियल क्रेव्स्की यांच्या गटाकडून दोन्ही अभ्यासांची आकडेमोड पहिल्यापासून करून घेतली. २००० साली अहवाल आला: मूळ निष्कर्ष टिकतात. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की आरोग्यासाठी हवेची मर्यादा ठरवताना उद्योगाच्या खर्चाचा हिशेब मध्ये आणायचा नाही. ‘माहिती उघड करा’ ही मागणी त्यानंतरही दर काही वर्षांनी डोकं वर काढतेच आहे.

आता प्रयोगशाळा येते. सुरुवातीला म्हणालो होतो, बराच वेळ येणार नाही म्हणून.

हवेतले कण मोजण्याची जुनी पद्धत फार साधी आहे. पंपानं हवा ओढायची आणि ती फिल्टरमधून जाऊ द्यायची. चोवीस तासांनी फिल्टर काढायचा, वजन करायचं, कोऱ्या फिल्टरचं वजन वजा करायचं. उरलेलं वजन म्हणजे त्या दिवसाची हवा. आकडा वहीत लिहिला की फिल्टरचं काम संपलं. पण सरकारी शिस्तीत कामाच्या संपलेल्या वस्तूही जपून ठेवतात. यूटा व्हॅलीतले ते फिल्टर शिल्लक होते: संपाच्या आधीचे, संपाच्या वर्षातले, आणि कारखाना पुन्हा सुरू झाल्यानंतरचे. तीन वर्षांची हवा, कागदावर चिकटून राहिलेली.

अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी ते मिळवले. फिल्टरवरचे कण पाण्यात उतरवून त्यांचा अर्क काढला. आधी तो उंदरांच्या फुप्फुसात सोडला. मग अँड्र्यू घिओ आणि रॉबर्ट डेव्हलिन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या एका छोट्या भागात दुर्बिणीच्या नळीनं तो सोडला, आणि चोवीस तासांनी तो भाग धुऊन आलेलं पाणी तपासलं. महत्त्वाचं हे, की तिन्ही वर्षांच्या अर्काचं प्रमाण सारखं ठेवलं होतं. म्हणजे प्रश्न ‘किती’ हा राहिला नव्हता, ‘काय’ हा होता.

चालू कारखान्याच्या वर्षांतल्या अर्कानं फुप्फुसात सूज आणली. बचावाला धावणाऱ्या पेशी मोठ्या संख्येनं आल्या. संपाच्या वर्षातल्या अर्कानं तसं फारसं काही केलं नाही. चालू वर्षांच्या कणांत लोखंड, तांबं, जस्त यांसारखे धातू जास्त होते. हे निबंध २००१ मध्ये आले. पंधरा वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या वहीत जे दिसलं होतं, ते त्याच दिवसांच्या हवेनं, त्या दिवशी तिथे नसलेल्या माणसांच्या छातीत पुन्हा दाखवलं. आम्ही हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा आम्हाला तो फिल्टर न फेकणारा माणूस आठवत राहिला. त्याचं नाव निबंधात नाही.

त्याच २००१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हा कारखाना कायमचा बंद झाला. धुराबद्दलच्या खटल्यांमुळे नव्हे. स्वस्त आयात पोलाद आणि डोईजड कर्ज यांनी तो आधीच दिवाळखोरीत नेला होता. यंत्रं विकली गेली, धुराडी पाडली गेली, आणि सरोवराकाठच्या त्या जमिनीवर आता वाइनयार्ड गावाची नवी घरं उभी राहिली आहेत. लालबाग-परळमध्ये जुनी धुराडी आणि नवे टॉवर शेजारी शेजारी पाहणाऱ्यांना हेही चित्र ओळखीचं वाटेल.

पोप त्याच विद्यापीठात काम करत राहिले. २००९ मध्ये त्यांनी, डॉकरी आणि माजिद एझाती यांनी प्रश्न उलटा विचारला: हवा सुधारली तर? अमेरिकेतले ५१ महानगरी प्रदेश घेतले, १९८० च्या सुमारासची हवा आणि २००० च्या सुमारासची हवा. पीएम २.५ घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमनं उतरलं तिथे सरासरी आयुष्य सात महिन्यांच्या आसपास वाढलं होतं. बाकीच्या सगळ्या सुधारणा वजा करून.

खोऱ्यावरचं झाकण मात्र दर हिवाळ्यात अजूनही बसतं. आता त्याखाली मुख्यतः गाड्यांचा धूर असतो. वाटाघाटी फिसकटल्या म्हणून एका सकाळी सगळ्या गाड्या थांबल्या, असा हिवाळा अजून त्या खोऱ्यात आलेला नाही.

थोडा वेळ आहे. प्रश्न घेऊ या.